सम्पचा प्रवाह वाढवायचाय? आधी पाणी कुठे अडतंय ते शोधा

सम्प म्हणजे माशांच्या टाकीखाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी. अशा सम्पवाल्या टाकीत पाणी कमी फिरतंय असं वाटलं की पहिला सल्ला ठरलेला: मोठा पंप घ्या. दुकानदारही तेच सांगतो, कारण त्याला पंप विकायचा असतो. पण बहुतेक वेळा दोष पंपाचा नसतोच. ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं वरचं पाणी खाली सोडणाऱ्या बॉक्सच्या) दात्यांत अडकलेलं पान, अर्ध्या इंचावर आणलेला रिटर्न पाइप (पंपाचं पाणी वर नेणारा), नाहीतर कित्येक दिवस न धुतलेली फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी), असं काहीतरी निघतं. अशा सेटअपला मोठा पंप जोडला तर पाणी फारसं वाढत नाही, आवाज मात्र वाढतो आणि एखाद्या रात्री फरशी ओली होते.

एक गोष्ट आधी पक्की करून घेऊ. सेटअप सुरळीत चालू असताना पंप जितकं पाणी वर चढवतो तितकंच ड्रेनमधून खाली येतं. ड्रेनचा पाइप कितीही जाड घेतला तरी त्याहून एक थेंब जास्त येणार नाही. तोच पाइप लहान पडला तर मात्र टाकी ओसंडते. म्हणून ड्रेन कायम पंपाला भारी पडणारा हवा, आणि दुरुस्तीचा क्रम पाण्याच्या वाटेनंच जायला हवा: दाते, ड्रेन, सम्पचे कप्पे आणि सगळ्यात शेवटी पंप आणि रिटर्न.

उदाहरणासाठी आपल्याकडची नेहमीची चार फुटी टाकी घेऊ: १२० × ४५ × ४५ सेंमी, काठोकाठ २४३ लिटर. खाली तीन फुटी सम्प, ९० × ३८ × ३८ सेंमी. या टाकीत पाणी १ सेंमी वर-खाली झालं की ५.४ लिटरचा फरक पडतो, सम्पात ३.४ लिटरचा. तुमच्या टाकीसाठी सेंटिमीटरमधली लांबी आणि रुंदी गुणून १००० ने भागा. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, शेवटच्या चाचण्यांत लागणार आहेत.

पायरी १: पातळ्या बघून निदान

पंप चालू ठेवा, कॅबिनेटचं दार उघडा आणि टॉर्च घेऊन खाली बसा. कशालाही हात न लावता फक्त पातळ्या बघा. पाणी जिथे अडतं त्याच्या अलीकडे ते चढलेलं असतं आणि पलीकडे उतरलेलं.

टाकीतलं पाणी दात्यांच्या वर गेलंय आणि ओव्हरफ्लो बॉक्समध्ये मात्र खोल खाली पडतंय, तर दाते तुंबलेत किंवा मुळातच कमी आहेत. बॉक्सही काठापर्यंत भरलाय, तर ड्रेन पाइप अडलाय. सम्पच्या पहिल्या कप्प्यात सॉकवरून पाणी सांडतंय, तर सॉक भरलीय. स्पंजच्या अलीकडे पाणी उंच आणि रिटर्नच्या कप्प्यात पंप उघडा पडत चाललाय, तर स्पंज धुवायला झालाय. इथे एक सावधगिरी: बाष्पीभवनानं होणारी घटही रिटर्नच्याच कप्प्यात दिसते. म्हणून आधी पाणी भरून घ्या, मग स्पंजवर आळ घ्या. आणि या सगळ्या पातळ्या जागच्या जागी असूनही वरची धार बारीक असेल, तरच पंप आणि रिटर्न पाइपाकडे वळा.

पायरी २: खरा प्रवाह मोजा

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पंप आणि पाणी एकाच पातळीवर, मध्ये पाइप नाही, एल्बो (वळणाचा जोड) नाही. घरात असं कधीच नसतं.

रिटर्नच्या तोंडाला नळीचा तुकडा लावा, १० लिटरची बादली टाकीच्या काठाच्या उंचीवर धरा आणि दुसऱ्या कुणालातरी मोबाइलवर वेळ लावायला सांगा. ३६,००० ला सेकंदांनी भागलं की ताशी लिटर मिळतात. बादली २४ सेकंदांत भरली तर प्रवाह ताशी १,५०० लिटर. रिटर्नचा कप्पा लहान असेल आणि १० लिटर काढल्यावर पंप कोरडा पडत असेल तर ५ लिटरचा डबा घ्या आणि १८,००० ला भागा. बादली जमिनीवर ठेवून मोजू नका. तोंड खाली आलं की पंपाला चढ कमी पडतो आणि आकडा फुगतो.

आता हवं किती? गोड्या पाण्याच्या टाकीला ताशी चार ते सहा पट प्रवाह पुरतो, म्हणजे आपल्या टाकीत सुमारे १,००० ते १,५०० लिटर. रीफ म्हणजे प्रवाळाच्या समुद्री टाकीतही सम्पमधून तीन ते पाच पट पुरे, कारण तिथे प्रवाळाला लागणारी जोरदार लाट वेव्हमेकर देतो, ते काम रिटर्न पंपाकडून करून घ्यायचं नसतं. दहा पटीच्या मागे लागलेल्या टाक्यांत मला फायद्यापेक्षा बुडबुडे आणि आवाजच जास्त दिसलेत. वनस्पतींच्या टाकीत तर ड्रेनमधली खळखळ महागात पडते, कारण तुम्ही पैसे देऊन सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच उडून जातो.

पायरी ३: ओव्हरफ्लोचे दाते

साधा हिशेब असा: पाण्याला मिळणाऱ्या मोकळ्या लांबीच्या दर सेंटिमीटरमागे ताशी सुमारे १०० लिटर. या बेतानं पाण्याचा थर काठावर साधारण १३ मिमी राहतो. १,५०० लिटरसाठी १५ सेंमी मोकळी लांबी हवी.

लोक चुकतात ते 'मोकळी' या शब्दाकडे दुर्लक्ष करून. दातेरी पट्टी २० सेंमीची असली आणि दाते व फटी सारख्याच रुंद असल्या तर खरी वाट १० सेंमीच उरते. मग थर १७ मिमीपर्यंत चढतो आणि शेवाळ धरलं की पाणी दात्यांच्या डोक्यावरून जायला लागतं. पट्टी ॲक्रिलिकची असेल तर काढून फटी कानशीनं रुंद करा. थर जितका पातळ, तितका पृष्ठभागावरचा तेलकट तवंग नीट ओढला जातो, म्हणून लांबी जास्त झाली तरी बिघडत नाही. नवीन टाकी बनवून घेत असाल तर कोपऱ्यातला छोटा त्रिकोणी बॉक्स नको, मागच्या काचेलगतचा लांबट बॉक्स मागा.

गप्पीची पिल्लं किंवा कोळंबी जाऊ नये म्हणून कुणी डासांची जाळी लावतं. ती दोन दिवसांत चिकट होते आणि टाकी भरायला लागते. ५-६ मिमी भोकांची प्लास्टिकची जाळी चालेल. त्याहून बारीक पिल्लं सम्पात जाणारच. तिथे ती बहुधा मजेत वाढतात.

पायरी ४: ड्रेन

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे घाई करू नका.

आपल्याकडच्या तयार टाक्यांत बहुधा डर्सो प्रकारचा ड्रेन असतो: बॉक्समध्ये उभा पाइप, त्याच्या वरच्या टोकाला खालच्या दिशेनं वळलेलं तोंड आणि टोपीला हवेसाठी बारीक भोक. पाइपात पाणी आणि हवा एकत्र उतरतात, म्हणून एक इंची डर्सो ताशी हजार-बाराशे लिटरच्या पुढे कुरकुरायला लागतो. हवेचं भोक फार लहान असेल तर बॉक्स भरतो, अचानक सायफन धरतो (पाइप हवेविना पूर्ण भरून पाणी जोरात ओढतो), फ्लशसारखा आवाज करत रिकामा होतो आणि पुन्हा भरतो. असं चक्र दिसलं तर भोक थोडं थोडं मोठं करा. भोकात हवेच्या नळीचा छोटा व्हॉल्व्ह बसवला तर वरचेवर ड्रिल काढावं लागत नाही.

प्रवाह आणखी वाढवायचा असेल तर डर्सोशी झगडत बसू नका, हर्बी पद्धतीकडे जा. यात दोन पाइप असतात. पहिला पूर्ण पाण्यानं भरून चालणारा सायफन, ज्याच्या खालच्या टोकाला सम्पजवळ व्हॉल्व्ह. दुसरा त्याच्याहून उंच, व्हॉल्व्हशिवाय, फक्त संकटकाळासाठी. पाइपात हवा नसल्यानं तोच एक इंची पाइप डर्सोच्या दुपटीहून जास्त पाणी नेतो आणि आवाज जवळपास नाहीसा होतो. बीनॲनिमल पद्धतीत याला तिसरा, किंचित पाणी वाहणारा पाइप जोडतात. ती अधिक सुरक्षित आहे, पण तीन भोकं लागतात.

तुमच्या बॉक्समध्ये दोन भोकं असतील, एक ड्रेनचं आणि एक रिटर्नचं, तर नवं भोक पाडायची गरज नाही. रिटर्न टाकीच्या काठावरून वळवून आत सोडा आणि ते रिकामं भोक संकटकाळच्या पाइपाला द्या. फक्त तो पाइप सायफनच्या पाइपापेक्षा बारीक नको. भोक पाडायचंच असेल तर काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही याची खात्री करून घ्या. टफन्ड काचेला ड्रिल लागलं की तिचा चुरा होतो. साध्या काचेत भोक कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकं आत असावं.

आता सामान. हार्डवेअरच्या दुकानात 'एक इंची द्या' एवढंच म्हणू नका. प्लंबिंगचा एक इंची यूपीव्हीसी पाइप बाहेरून ३३.४ मिमी असतो, शेतीचा ३२ मिमी पाइप बाहेरून खरोखर ३२ मिमी असतो, आणि गरम पाण्याचा एक इंची सीपीव्हीसी २८.६ मिमी. तिन्ही हातात सारखेच वाटतात, पण एकाचं फिटिंग दुसऱ्यावर बसत नाही. ३२ मिमीचा पाइप इंची एल्बोत सोल्युशन (पाइप चिकटवायचं द्रावण) थापून बसवलेला मी पाहिलाय. तो गळला नाही तरच नवल. सगळं सामान एकाच प्रकारचं घ्या आणि दुकानातच कोरडं जोडून बघा.

व्हॉल्व्ह गेट प्रकारचा हवा, ज्याचं चाक फिरवत हळूहळू बंद होतं. बॉल व्हॉल्व्हचा दांडा केसभर हलला तरी पातळी दहा सेंटिमीटर बदलते. दुकानात सहज मिळणारा गेट व्हॉल्व्ह पितळेचा असतो. तो समुद्री टाकीला अजिबात लावू नका, पितळेतलं तांबं प्रवाळ आणि कोळंबीला मारतं. पीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह बहुधा मागवावा लागतो, थांबा पण तोच घ्या.

जोडताना टँक निपलचा (काचेच्या भोकात बसणाऱ्या जोडाचा) रबरी वॉशर फ्लँजच्या, म्हणजे रुंद कडेच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या आतल्या बाजूला ठेवा. नट हातानं घट्ट करून वर पाव फेरा, बस. पाना लावून पिळलं तर काच तडकते. बॉक्सच्या आतले उभे पाइप निपलमध्ये नुसते दाबून बसवा, सोल्युशन लावू नका, म्हणजे साफ करायला उपसता येतील. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन (हातानं खोलता येणारा जोड) टाका. पाइप बाजूला सरकवायचा असेल तर दोन काटकोनी एल्बोंऐवजी दोन ४५ अंशांचे वापरा, अडथळा साधारण निम्मा होतो. आडवा पाइप टाळा. लोंबणारी लवचीक नळी तर नकोच, तिच्या झोळात हवा साठते. सोल्युशन लावल्यावर रात्रभर वाळू द्या.

सायफनच्या पाइपाचं टोक सम्पच्या पाण्यात दोन सेंमीच बुडवा. संकटकाळच्या पाइपाचं टोक पाण्याच्या जरा वर ठेवा, म्हणजे त्यातून पाणी पडायला लागलं की आवाजानं कळेल.

सायफन जुळवायची पद्धत: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप सुरू करा. बॉक्समधलं पाणी खाली जाईल, पाइप हवा ओढत घुरघुरेल आणि सम्पात बुडबुडे उसळतील. आता चाक अर्धा-अर्धा फेरा बंद करा आणि दर वेळी दोन-तीन मिनिटं नुसतं बघा. एका क्षणी घुरघुर थांबते, बुडबुडे तुटक होतात, मग बंद होतात आणि बॉक्समधली पातळी वर सरकू लागते. तिथून पुढे पाव-पाव फेरा. पातळी पाइपाच्या तोंडावर चार-पाच सेंमी येऊन स्थिरावली की हात काढा. काही जण संकटकाळच्या पाइपातून बारीक धार कायम चालू ठेवतात. पातळी जास्त स्थिर राहते, म्हणून मलाही तेच आवडतं. दुसऱ्या दिवशी एकदा किंचित फिरवावं लागेल.

टाकीला भोकच नसेल तर काठावर अडकवायचे सायफनी ओव्हरफ्लो बॉक्स मिळतात. त्यांच्या यू आकाराच्या नळीत हवा साठून सायफन तुटला की खालचा पंप सगळं पाणी वर फेकत राहतो. घरात कुणी नसताना अशावर टाकी सोडू नये.

पायरी ५: सम्पच्या आत

२०० मायक्रॉनची सॉक पाणी चकचकीत करते, पण माशांचं खाणं जास्त असेल तर तीन-चार दिवसांतच भरते. दोन-तीन सॉक आळीपाळीनं वापरा. आठवड्याला धुणं जमणार नसेल तर सॉक काढून जाडसर स्पंज लावा. भरलेल्या सॉकपेक्षा तो बरा.

बुडबुडे अडवणाऱ्या काचांमधली फट ३ ते ४ सेंमी असावी. सम्प बनवणारे काचवाले पुष्कळदा दीड-दोन सेंमी ठेवतात. मग पाण्याचा वेग वाढतो आणि बुडबुडे वर सुटायच्या ऐवजी पंपाकडे ओढले जातात. स्पंज दोन काचांत गच्च कोंबू नका. बारीक स्पंज नेहमी जाड्याच्या मागे.

पायरी ६: पंप आणि रिटर्न

आधी पंप उघडा. इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) बाहेर काढला की त्याच्या पात्यांत छोटी गोगलगाय किंवा पानाचा देठ अडकलेला सापडतो. बोअरवेलचं पाणी असेल तर पांढरा क्षारही असतो. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. नुसत्या एवढ्यानं धार कितीतरी सुधारते.

मग पाइप. पंपाचं तोंड अर्ध्या इंचाचं आहे म्हणून वरपर्यंत अर्धा इंची पाइप नेतात. अर्ध्याच्या जागी पाऊण इंची घेतला तर त्याच प्रवाहाला घर्षण साधारण चौथाईवर येतं. पंपाजवळच रिड्यूसर (दोन मापांचे पाइप जोडणारा जोड) टाकून पाइप जाड करा आणि वर तोंडाशी हवं तर बारीक करा. एक काटकोनी एल्बो म्हणजे तीस व्यासांइतका सरळ पाइप. एक इंचीत ती लांबी ७५ सेंमीच्या आसपास जाते. चार एल्बो टाकले की तीन मीटर पाइप वाढवल्यासारखं झालं.

यानंतरही आकडा कमी असेल तरच नवा पंप. चढ मोजताना सम्पमधल्या पाण्यापासून टाकीतल्या पाण्यापर्यंतचं अंतर धरा. कमाल उंची ३ मीटर आणि प्रवाह ३,००० लिटर असं खोक्यावर असेल तर १.२ मीटरवर ढोबळमानानं १,८०० लिटर आणि पाइपाचं घर्षण वजा जाता त्याहून कमी. जास्तीचा पंप आलाच तर व्हॉल्व्ह त्याच्या बाहेर येणाऱ्या पाइपावर लावून आवळा. पाणी आत घेणारी बाजू कधीही आवळायची नाही.

पायरी ७: तीन चाचण्या

सम्पात हात घालण्याआधी दर वेळी पंपाचा प्लग काढा, आणि वायरला सॉकेटच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरणार नाही.

पहिली चाचणी, सायफन तुंबला तर: मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. संकटकाळच्या एकट्या पाइपानं सगळं पाणी नेलं पाहिजे आणि टाकीची पातळी काठाच्या खाली थांबली पाहिजे. थांबत नसेल तर पंप आवळा.

दुसरी, दोन्ही तुंबले तर: रिटर्नच्या कप्प्यातलं पाणी संपेपर्यंत पंप ते वर टाकत राहील. कप्पा ३० × ३८ सेंमी आणि पंपाच्या तोंडावर १५ सेंमी पाणी असेल तर ते १७ लिटर, म्हणजे टाकीत ३.२ सेंमी. तेवढी जागा वर मोकळी नसेल तर रिटर्नच्या कप्प्यात पाणी कमी ठेवा.

तिसरी लोडशेडिंगची: मेन स्विच बंद करा. रिटर्नचं तोंड ओव्हरफ्लोच्या काठाच्या २ सेंमी खाली असेल आणि पाण्याचा थर १.३ सेंमी, तर पातळी ३.३ सेंमी उतरेल. ते झाले १८ लिटर. पाइप आणि बॉक्समधलं धरून वीसेक लिटर सम्पात येतात, म्हणजे ६ सेंमी. सम्पात एरवी ८ सेंमी तरी जागा रिकामी ठेवा आणि कमाल पातळीची रेघ बाहेरून मार्करनं ओढा. रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत ३-४ मिमीचं भोक पाडलं तर सायफन लवकर तुटतो, फक्त ते शेवाळानं बुजू देऊ नका. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या) भिस्त ठेवू नका. गोगलगाईचा एक शंख अडकला की तो उघडाच राहतो.

वीज परत आली की सायफन आपोआप धरला पाहिजे. मिनिटा-दोन मिनिटांत बुडबुडे थांबले नाहीत आणि संकटकाळचा पाइप धो-धो वाहत राहिला, तर सायफनच्या पाइपाचं टोक सम्पात फार खोल बुडलंय, हवा बाहेर पडायला वाट नाही. पंप बंद करून तेवढं टोक कापा आणि मेन स्विच पुन्हा एकदा खाली-वर करून बघा.